कॉइलचे कान

बॅच फार्म, वेडमोरजवळ, सॉमरसेट
३ मे १९९४

प्रिय मेव्हिस आत्या,

पाकिटात कापसात गुंडाळलेला काळा तुकडा आहे, तो कचरा समजून टाकू नकोस. तो माझ्या मेटल डिटेक्टरच्या कॉइलचा कान आहे. डावा. उजवा अजून जागेवर आहे, पण त्याच्याही बुडाशी चीर गेलीय. ताटाएवढी कॉइल त्या एका कानावर दांड्याला लोंबकळते आहे आणि चालताना मान हलवते.

मी कॉर्नवॉलला निघालो होतो. बस बदलायला उतरलो, तिथे एक माणूस चर्चच्या घड्याळाला तेल घालायचं म्हणून शिडी धरणारा शोधत होता. शिडी धरली. मग त्याच्या मेहुण्याकडे जेवलो, मेहुण्याने हेबडिचबाईंचं नाव सांगितलं, आणि असं करत करत मी त्यांच्या गोठ्यामागच्या कॅराव्हानमध्ये येऊन पडलोय. आज तेरा दिवस झाले. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच अडतीस गाई बघतात. पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणाल्या, की फाटक उघडलं तर लावायचं.

आता मुद्दा. मार्चमध्ये गवताच्या शेतात ट्रॅक्टरमागे दंताळं फिरवताना त्याचा एक दात निखळून पडला. दीड वीत लांब, अंगठ्याएवढं जाड पोलाद. अकरा एकरांत कुठेतरी आहे. गवत आता माझ्या गुडघ्याच्या वर आलंय. १९ तारखेला, गुरुवारी, व्हाउल्स नावाचा कापणीवाला मशीन घेऊन येणार, गवत उचलणार, बारीक करणार, आणि ते आंबवून हिवाळ्यासाठी त्याचा मुरघास होणार. दात मशीनमध्ये गेला तर त्याचेही बारीक तुकडे होणार, ते मुरघासात जाणार आणि हिवाळाभर गाईंच्या पोटात. गेल्या वर्षी तारेच्या एका तुकड्याने बाईंची एक गाय गेली. तेव्हापासून जनावरांच्या डॉक्टरने प्रत्येक गाईला बोटाएवढं एक लोहचुंबक गिळायला लावलंय. ते जन्मभर पोटात राहतं आणि तारा, खिळे धरून ठेवतं. मी कॉइल बार्बरा नावाच्या गाईच्या छातीखाली धरून बघितली, तर डिटेक्टर कोकलला. बार्बराला काही वाटलं नाही. पण पोलादाच्या एवढ्या तुकड्यांपुढे चुंबकाचं काही चालायचं नाही, असं बाई म्हणतात.

दात मी शोधून देतो, हे मी स्वतःहून बोललो. आणि दुसऱ्याच दिवशी कान तुटला. डिटेक्टर कुंपणाला टेकवून ठेवला होता, वारा आला, पडला.

कान कसा जोडायचा ते कळव. लवकर कळव.

तुझा,
जॉस


स्टॅलम, नॉरफोक
५ मे

जॉस,

कान मिळाला. बावीस वर्षं बोटींच्या कारखान्यात फायबर ग्लास थापण्यात गेली, आणि नंतरची नऊ वर्षं डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या लोकांच्या कॉइल दुरुस्त करण्यात. तुटलेल्या कानातलं मला थोडं कळतं.

पडून तुटलेला कान आडवा तुटतो. बोल्ट आवळून तुटलेला भोकापासून चिरतो. तुझा बुडाशी मागून पुढे उकललाय आणि कडेला प्लॅस्टिक ताणून पांढरं पडलंय. म्हणजे कॉइल खाली चिखलात रुतली होती आणि दांड्यावर कुणीतरी सगळा भार टाकला होता. डिटेक्टर काठीसारखा टेकत तू ओढा ओलांडलास. वारा नव्हता.

कॉइल माझ्याकडे पाठव. येण्याजाण्याचे दिवस धरून आठवड्यात परत मिळेल. पाठवायची नसेल तर हे असं कर. कानाच्या आजूबाजूचं गुळगुळीत प्लॅस्टिक जाड पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी पूर्ण घालव. गुळगुळीतावर काही चिकटत नाही, चिकटल्याचं सोंग करतं. स्पिरिटने पूस. कान जागेवर लाव, दोन्ही कान कॉइलला जिथे टेकतात तो कोपरा रेझिनने भरून गोलसर कर, कारण चीर नेहमी काटकोनातून सुरू होते. मग काचेच्या कापडाच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून दोन्ही बाजूंनी तीन थर लाव, आणि प्रत्येक पट्टी कॉइलवर निदान तीन बोटं पसरू दे. नुसत्या कानाला मलमपट्टी करून उपयोग नाही, जोर कॉइलभर वाटला गेला पाहिजे. बोल्ट नायलॉनचा. मध्ये रबरी चकत्या. लोखंडाचा खिळा, तार, पत्रा काहीही लावायचं नाही, नाहीतर मशीन स्वतःच्याच कानावर ओरडत बसेल.

नंतर एक दिवस आणि एक रात्र हात लावायचा नाही. तुझ्यासाठी हेच सगळ्यांत अवघड आहे, म्हणून शेवटी लिहिलं.

मेव्हिस


वेडमोर, ७ मे
(कार्डावर)

आत्या, ओढा कमरेइतका होता. तो तितका दिसत नव्हता. कॉइल पाठवत नाही, आठवडाभर रिकामा बसलो तर १९ तारीख गाठता येणार नाही. मीच करतो. तू लिहिलंस त्यातलं बहुतेक सगळं इथे मिळतं. जॉस.


स्टॅलम, १० मे
(कार्डावर)

बहुतेक म्हणजे काय मिळालं नाही? किती वेळ सुकू दिलंस? मेव्हिस.


बॅच फार्म
१४ मे, शनिवार

प्रिय आत्या,

आधी चांगली बातमी. शेत साफ आहे.

आता तुझे प्रश्न. काचेचं कापड इथे मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, ब्रिस्टलला मिळेल. ब्रिस्टलला जायचं म्हणजे दिवस गेला, आणि ब्रिस्टलला गेलो की मी परत येतोच असं नाही, हे तुला माहीत आहे. त्याच्याकडे दोन नळ्यांचा गोंद होता, पाच मिनिटांत पक्का होणारा. तोच घेतला. पहिला गोंद कालवला तेवढ्यात शेजारचा माणूस आला, त्याचा पाळीव हंसांचा कळप रस्त्यावर निघाला होता. हंस हाकायला दोन माणसं लागतात आणि तरी ते ऐकत नाहीत. त्यातला एक अगदी आपल्या चर्चमधल्या जुन्या पाद्र्यासारखा चालायचा. परत आलो तोवर गोंद डब्यात दगड झाला होता. दुसरा कालवला आणि लगेच लावला. पॉलिश पेपरचं लक्षात राहिलं नाही. सुकू मात्र दिलं. चहा करून पिऊन होईपर्यंत.

कान बसले. थोडे हलतात. प्रत्येक झोक्याला कॉइल जराशी मान टाकते आणि मशीन खरखरतं. पहिला दीड दिवस ती खरखर ऐकून डोकं उठलं, खरा आवाज कुठला आणि कानाचा कुठला हेच समजेना. मग मी उजवीकडचं बटण हळूहळू फिरवत गेलो, आणि ते शेवटाच्या जरा अलीकडे आल्यावर एकदम शांत झालं. इतकं शांत की गवतातले किडे ऐकू यायला लागले. मग काय, भराभर चाललो. एका दिवसात अकरा एकर. सापडलं ते लिहितो: तीन पितळी बटणं, एक अंगुस्ताना, शिशाची गोळी, तिसऱ्या जॉर्जचं अर्ध्या पेनीचं तांब्याचं नाणं, एक चमच्याचं टोक, दोन पेनी. दात नाही. मला वाटतं तो शेतात पडलाच नसावा, येताना रस्त्यावर कुठेतरी पडला असणार.

आज सकाळी हेबडिचबाईंना सांगितलं की शेतात दात नाही. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्यांनी माझ्यासमोर व्हाउल्सला फोन करून गुरुवार पक्का केला. मग मला घरात बोलावून भाजलेलं मटण, बटाटे आणि वर सफरचंदाचा केक खायला घातला. मार्चपासून नीट झोपले नव्हते, असं बोलता बोलता म्हणाल्या. त्यांना एका वेळी एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मशीन आता इतकं शहाणं झालंय की काल बार्बराच्या छातीखालून कॉइल फिरवली तरी हूं नाही की चूं नाही.

शुक्रवारी कॉर्नवॉलला निघेन म्हणतो.

तुझा,
जॉस


स्टॅलम
१६ मे, सोमवार, सकाळी

जॉस,

पोस्टमन फाटकात असतानाच हे लिहायला बसले आहे.

तुला नऊ वस्तू सापडल्या. पितळ, शिसं, तांबं. त्यांत लोखंडाची एकही नाही. या देशात अकरा एकर जमीन अशी कुठेही नाही, जिच्यात घोड्याची एक नाल नाही, एक खिळा नाही. आणि वर बार्बरा. तिच्या पोटात बोटाएवढं चुंबक आहे आणि तुझं मशीन तिच्या छातीखालून गप्प जातं. जे मशीन बार्बराला ओळखत नाही ते दाताला ओळखणार नाही.

तू फिरवलेल्या बटणावर काय लिहिलंय ते वाच. ते लोखंड गाळायचं बटण आहे. दिवसभर खिळे उकरून कंटाळलेल्या आपल्यासारख्यांसाठीच ते केलंय, आणि आपण सगळे ते अर्धं फिरवूनच शेतात उतरतो. इतकी सवय झालेली असते की हात आपोआप तिकडे जातो. कान हलत होते म्हणून खरखर, खरखर नको म्हणून बटण. तू अकरा एकरांतलं सगळं लोखंड नीट वगळून लोखंड शोधलंस.

सोबतच्या खोक्यात तुझ्या कॉइलसाठी नवे कान आहेत. कॉइल तू पाठवली नाहीस, पण तुझ्या आतोबांच्या जुन्या मशीनची कॉइल याच जातीची आहे, तिच्यावरून साचा काढून तुझं कार्ड आल्यावरच करून ठेवले होते. दोन्ही कान एका पाटावर आहेत, पाच थरांचे. हा पाट कॉइलच्या पाठीवर अख्खा चिकटवायचा. घासायला पेपर टाकला आहे. रेझिनच्या बाटल्या दोन, नायलॉनचा बोल्ट एक, चकत्या चार. मंगळवारी दुपारी लावलास तर बुधवारी दुपारपर्यंत पक्का होईल. त्याआधी उचलू नकोस.

बाईंना लगेच सांग. मला फोनवर ऐकू येत नाही, पण शेजारच्या ग्लेनिसला सांगून फार्मवर फोन करवता आला असता. करवला नाही. शेत साफ आहे हे त्यांनी तुझ्या तोंडून ऐकलंय, तसं नाही हेही तुझ्याच तोंडून ऐकू दे. बुधवारी संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून कार्ड आलं नाही तर ग्लेनिस फोन करेल. गाईंचा प्रश्न आहे, तुझ्या लाजेसाठी मी त्यांना धोक्यात घालणार नाही.

दुसरा रस्ताही तुला माहीत आहे. लिंकनमधून तू असाच न सांगता निघालास, त्याआधी हल शहरातून. दोन्ही वेळा लोकांची पत्रं मला आली.

मेव्हिस


वेडमोर, १७ मे, दु. ४.१०
(कार्डावर)

सांगितलं. जॉस.


बॅच फार्म
२२ मे, रविवार

प्रिय आत्या,

कार्ड एका शब्दाचं होतं कारण हात रेझिनने भरले होते आणि पोस्टातल्या बाईंनी पेन धरू दिलं नाही. त्यांनीच लिहिलं.

सगळं सांगतो. मंगळवारी अकराला तुझं खोकं आलं. पत्र वाचलं, बटण वाचलं. मग मी पिशवी भरली. खोटं बोलत नाही. एक वाजून दहा मिनिटांची बस असते, मी बाराला थांब्यावर जाऊन उभा होतो. तुला माहीत आहे, मी कुठेही उभा राहिलो की कुणीतरी येतं. कुणाची शिडी धरायची असते, कुणाचे हंस पळालेले असतात, आणि मग पुढचं आपोआप ठरतं. त्या दिवशी सव्वा तास कुणी म्हणजे कुणी आलं नाही. बस आली, ड्रायव्हरने दार उघडलं, म्हणाला, येतोयस का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग थांब्यावर कशाला उभा राहतोस?

परत आलो तेव्हा बाई गोठा धूत होत्या. मी पिशवीसकट आत गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं. कान, गोंद, बटण, बार्बरा, सगळं. त्यांनी पाण्याची नळी बंद केली नाही. सांगून संपलं तेव्हा माझ्या बुटांत पाणी होतं.

बाई म्हणाल्या, "शनिवारी तुला नक्की माहीत होतं."

"हो."

"आणि आज?"

"आज माहीत नाही."

"पिशवी कशाला भरलीस?"

त्यांनी नळी बंद केली, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि कोरड्या जागी, खुंटीवर टांगली. म्हणाल्या, ते कान चिकटव आधी.

चिकटवले. चकाकी जाईपर्यंत घासलं, मग आणखी एकदा घासलं, स्पिरिटने पुसलं, पाट लावला, कडेने रेझिन भरून गोल केलं. कॉइल त्यांच्या चीज ठेवायच्या खोलीत फळीवर ठेवली आणि बाईंनी खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. मी मागितली नाही.

बाईंनी व्हाउल्सला फोन केला. त्याचं मशीन गुरुवारी आलं नाही तर मग थेट ९ जूनला, आणि तोवर गवत निबर होऊन जाणार, त्याच्यात काही कस उरणार नाही. बाईंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, किती बघून होईल? मी म्हटलं, बुधवारी दुपारपासून गुरुवारी दहापर्यंत, आठ एकर. खरं तर मी अकरा म्हणणार होतो. बाईंनी फोनमध्ये सांगितलं, आठ एकर काप.

बुधवारी एक वाजता कॉइल मिळाली. आत्या, हे कान हलत नाहीत. मी दांड्याला धरून कॉइल झटकली, वाकडी केली, गवतात दाबली, ढिम्म. खरखर नाही. लोखंडाचं बटण शून्यावर आणलं आणि आधी बार्बराकडे गेलो. ती कोकलली, म्हणजे मशीन कोकललं. बाई म्हणाल्या, चल. त्यांनी सुतळी ताणली, दोन टोकांना काठ्या, दोन पावलांची एक पट्टी. मी पट्टीत चालायचो, त्या काठ्या सरकवायच्या. आवाज आला की दोघांनी थांबायचं. शनिवारपर्यंत ज्या शेतात मला लोखंडाचा कण दिसला नव्हता, तिथे अंधार पडेपर्यंत घोड्याच्या सात नाला, एक साखळी, कुदळीचं अर्धं पातं, बादलीची कडी आणि खिळे किती ते सांगत नाही. प्रत्येक वेळी बाई वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, हा नाही. याच्यावरून तू गेला होतास का, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मध्ये एक गंजलेला खंजीर वाटला म्हणून मी भलतीकडेच खणायला लागलो. बाई काठी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ती कात्री निघाली. मी पट्टीत परत आलो.

गुरुवारी पाचला पुन्हा सुरू केलं. दहाला व्हाउल्स आला तेव्हा बरोबर आठ एकर झाले होते. दात नव्हता. उरलेल्या तीन एकरांभोवती आम्ही सुतळी बांधली. व्हाउल्स मशीनवरून उतरला, सुतळी बघितली, मला बघितलं.

"हे काय, पाहुण्यांसाठी राखलंय?"

बाई म्हणाल्या, "तेवढं पोराने अजून बघितलेलं नाही."

"शनिवारी तर म्हणालात, सगळं बघितलं."

"शनिवारी त्याला वाटलं होतं."

व्हाउल्स म्हणाला की तीन एकर पहिल्या कापणीचं गवत असं उभं सोडलेलं त्याने बापजन्मात बघितलं नाही, आणि लोकांना भाड्याने पोरं घ्यायची तर ती डोळे तपासून घ्यावीत. बाई म्हणाल्या, डोळ्यांचा दोष नव्हता, कानांचा होता. त्याला काही कळलं नाही. तो कापायला गेला. संध्याकाळपर्यंत मशीन चालत होतं, आणि त्याचा आवाज जरा बदलला की आम्ही दोघं हातातलं काम थांबवायचो. एकदा ते खरंच बंद पडलं. व्हाउल्स डबा खायला थांबला होता.

दात शुक्रवारी दुपारी सापडला. त्या तीन एकरांत, वरच्या कुंपणापासून वीसेक पावलांवर. मोठा, स्वच्छ, एकसंध आवाज, शंकाच नाही. गवत बाजूला केलं तर उभा होता, टोक वर, बूड जमिनीत. मशीनने तो पहिल्या फेरीतच उचलला असता. मी हात लावला नाही, बाईंना हाक मारली. त्या आल्या, गुडघ्यावर बसल्या, उपटला, एप्रनला पुसला, उलटासुलटा बघितला. म्हणाल्या, "हाच." मग घड्याळ बघून गाईंची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. मी तिथेच गवतात बसून राहिलो. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. गवत वाऱ्याने हलत होतं.

त्या तीन एकरांचं जूनमध्ये वाळलेलं गवत करणार म्हणतात. मुरघासापेक्षा कमी येईल. मी म्हटलं, माझ्यामुळे. बाई म्हणाल्या, हो.

काल त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. दंताळं भिंतीशी उभं केलेलं होतं आणि दात, नवा बोल्ट, पाना असं सगळं फळीवर मांडून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, मी लोखंडकाम कधी केलेलं नाही. त्या म्हणाल्या, "गोंद तर नाही लावायचा." मग स्टुलावर बसून बघत राहिल्या. बोल्ट आवळताना मी दोनदा थांबलो. त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं, आणखी. शेवटी त्यांनी स्वतः दात धरून हलवून बघितला.

"मार्चमध्ये दंताळं पुन्हा शेतात जाईल," त्या म्हणाल्या. "हा निखळला तर कुणाला विचारायचं ते मला माहीत असलेलं बरं."

मी म्हटलं, मार्चमध्ये मला विचारा.

त्या बरं म्हणाल्या आणि पाना जागेवर ठेवायला सांगून गेल्या.

आत्या, मार्चला दहा महिने आहेत. मी दोनदा मोजले. कॅराव्हानचं छत कोपऱ्यात गळतं, ते आज बघतो. तुझ्याकडच्या ट्रंकेत माझा जाड स्वेटर आणि थंडीचे बूट आहेत, ते सवडीने पाठव. घाई नाही.

पत्ता हाच.

जॉस